विहीणबाई जमिनीला हात टेकतात

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आजपासून योगा सुरू. म्हणजे उद्यापासून. आज ठरवलं, आणि ठरवणं हेच मोठं काम असतं. ही डायरी मुलाच्या ऑफिसातून आली होती, त्यात कोणी काही लिहीत नव्हतं, मी लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर माझं वर्गात सगळ्यात गोल होतं.

योगा मी कोणाचं बघून करत नाहीये. हे आधीच लिहून ठेवते. विहीणबाई, म्हणजे सूनबाईची आई, रविवारी दोन बॅगा आणि एक गुंडाळलेली चटई घेऊन आल्या. त्यांच्याकडे भिंती फोडून नळाचं काम चाललंय, महिनाभर इथेच. या, राहा, घर तुमचंच आहे, असं मीच म्हटलं. तर सोमवारी सकाळी बघते, बाई माझ्या हॉलमध्ये, माझ्या गालिच्यावर, वाकून दोन्ही तळहात जमिनीला टेकवून उभ्या! माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत. आमच्या ठमूने टाळ्या वाजवल्या. ठमू म्हणजे माझी नात, सात वर्षांची, हिला मी वाढवलंय. आता त्यांना रबरआजी म्हणते. मला नुसतंच आजी.

तेवढ्यात तिने शाळेची बातमी सांगितली. एक मार्चला कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलाने घरातलं एकच मोठं माणूस स्टेजवर न्यायचं आणि दोघांनी मिळून काहीतरी करून दाखवायचं. एकच. कोणाला न्यायचं ते मूल ठरवणार. सूनबाई म्हणाली, आई, तिचं तिला ठरवू दे हं, कोणी मागे लागायचं नाही. मी कशाला लागू? मलाच नेणार. पण हे ऐकताना ठमू विहीणबाईंच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. ते मला आवडलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पहाटे उठायचं ठरलं होतं. गजर झाला. बंद केला. शरीराला एकदम धक्का देऊ नये, आधी कल्पना द्यावी. आज कल्पना दिली.

विहीणबाई सकाळी नुसतं गरम पाणी पितात, डोळे मिटून, जसं काही अमृत. मीही गरम पाणी घेतलं. त्यात थोडी चहापूड टाकली, दूध टाकलं. मूळ गरम पाणीच.

आमचे हे, ठमूचे आजोबा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून कपात तोंड घालून हसत होते. हे आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत बसले, आता नुसतेच बसतात. यांना म्हटलं, तुम्हीही हला जरा. म्हणाले, तू हलशील तेव्हा घर हलेल, तेवढं पुरे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
शिकायची सोय झाली. विहीणबाईंना विचारणार नाही. त्या लगेच, या ना विहीणबाई, शिकवते ना, असं इतक्या प्रेमाने म्हणतील की ते प्रेम मला आठ दिवस टोचेल. म्हणून स्वयंपाकघराचं दार थोडं किलकिलं ठेवते. त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहतात, सगळं समोर दिसतं. त्यांचा ज्या बाजूचा हात वर जातो त्याच बाजूचा माझा. जिकडे त्या वळतात तिकडे मी. अगदी सोपं आहे. लोक उगाच फी भरतात.

आज झाडाचं आसन केलं. एक पाय वर, एक हात फ्रिजला. झाडालासुद्धा आधार लावतातच. तेवढ्यात ठमू आली, आजी, सापशिडी खेळू या. मी म्हटलं, बाळा, आत्ता आजी झाड आहे. मग हॉलमध्ये गेली, रबरआजी म्हणाल्या श्वास सुरू आहे. मग गेली आजोबांकडे. बरंच झालं, यांना तरी काही उद्योग.

सोमवार, १० फेब्रुवारी
प्रगती छान आहे. गुडघे मोडून टाचांवर बसायचं आसन पहिल्याच दिवशी जमलं. विहीणबाई पाच मिनिटांत उठतात, मी जेवणाच्या वेळेपर्यंत बसले. शेवटी मुलाने आणि सूनबाईने दोन बाजूंनी धरून उचललं. मुलगा म्हणाला, आई, कशाला हे? मी म्हटलं, मुद्दामच बसले होते.

साखर सोडली. बिस्किटं चालू आहेत, कारण त्यातली साखर बेकरीवाल्याची असते, आपली नाही. मी लग्नाआधी बेकरीत बिस्किटं पुड्यांत भरायचे, मला बिस्किटातलं कळतं. मोडलेली आम्हाला फुकट मिळायची. मोडलेल्या बिस्किटाने वजन वाढत नाही असं आमची मुकादमीण म्हणायची, आणि ती काटक होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
आज पोस्टमनने कहर केला. पार्सल द्यायला आला तर दार विहीणबाईंनी उघडलं, मी मागे होते. सही घेताना मला म्हणतो, ही तुमची धाकटी बहीण का? मी म्हटलं, तुमच्या खात्यात डोळे तपासत नाहीत का हो? विहीणबाई दिवसभर आरशासमोरून जाताना मान तिरकी करत होत्या.

मला काही वाटलं नाही. मला कशाला वाटेल? फक्त दुपारी झोप लागली नाही. आणि त्यांची चटई उन्हात वाळत होती ती मी सावलीत ठेवली. उन्हाने रंग उडतो.

रात्री जेवताना त्या काकडी खात होत्या. मीही काकडी मागितली. वर थोडं लोणी लावून घेतलं, नुसती काकडी घशात अडकते.

रविवार, १६ फेब्रुवारी
हे घरगुती काही खरं नाही. मी क्लास लावला. वाचनालयावरच्या हॉलमध्ये, रीतसर, मॅडम आहेत. विहीणबाईंना सर्टिफिकेट कोणाचं? कोणाचंच नाही.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की अख्खा वर्ग चुकीचं शिकलाय. मॅडम म्हणाल्या उजवीकडे वळा, मी बरोबर वळले, तर शेजारचा औषधाच्या दुकानवाला माझ्याकडे तोंड करून उभा. नाकाला नाक लागायचंच बाकी होतं. परत हात वर केला तर माझा हात पलीकडच्या बाईच्या चष्म्यात. मॅडम म्हणाल्या, मावशी, दुसरा उजवा. मी म्हटलं, मॅडम, मी हे समोर बघून, पक्कं करून आले आहे. एवढी तिशीतली पोर, मला डावं-उजवं शिकवते. नाचता येईना अंगण वाकडं.

शेवटी मला मागच्या कोपऱ्यात खांबाजवळ स्वतंत्र जागा दिली. बाकी कोणालाही स्वतंत्र जागा नाही. घरी येऊन सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, अरे वा. त्यात वा कमी होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी
उद्या ठमूने शाळेत नाव सांगायचं आहे. म्हणून आज मी दाराआडून बाहेर आले. हॉलमध्ये विहीणबाईंच्या शेजारी चादर टाकली आणि म्हटलं, चला, बरोबर करू. त्या म्हणाल्या, अगबाई, या ना, या ना. (बघा!)

दोघी एका पायावर उभ्या राहिलो. आधी पाय टेकवेल ती हरली, हे कोणी बोललं नाही, पण दोघींना माहीत होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, तो बघून मला फार बरं वाटलं. ठमू दारात आली. तुम्ही दोघी या ना, एक गंमत दाखवायची आहे, म्हणाली. विहीणबाई ओठ न हलवता म्हणाल्या, नंतर हं सोन्या. मी म्हटलं, माझंही झालं की येते. ती थोडा वेळ उभी राहिली, एक पाय उचलून बघितला, मग गेली.

शेवटी मीच जिंकले. पाय आधी माझा टेकला, पण तो फोन वाजला म्हणून. विहीणबाई म्हणतात फोन वाजला नाही. वाजला असता तर?

नंतर मी गंमत बघायला गेले, तर ठमूच्या खोलीचं दार आतून लावलेलं. हे आतच होते. हसण्याचा आवाज येत होता. यांना हसायला काही लागत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी
नाव दिलंय! कोणाचं ते ठमू सांगत नाही, सूनबाईला माहीत आहे पण तीही ओठ आवळून फिरते. माझ्याकडे बघून दोनदा हसली. म्हणजे मीच.

नवी ट्रॅकपँट आणली. दुकानदाराने मापाची दाखवली ती घट्ट होती. मी एक माप कमीच घेतली, एक तारखेपर्यंत बरोबर होईल.

विहीणबाईंनीही आपले कपडे इस्त्री करून ठेवलेत. बिचाऱ्या. मला त्यांची दया येते. बाई एवढी वाकते, पण पुढचं दिसत नाही. कार्यक्रमानंतर त्यांना काय बोलून धीर द्यायचा तेही मी ठरवलंय. म्हणेन, पुढच्या वर्षी तुमचा नंबर. त्या म्हणाल्या तर म्हणतील, तुमची नात आहे, तुम्हालाच नेणार. मग मी मान खाली घालेन, थोडीशीच.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
गुडघा. त्याबद्दल लिहायचं नाही.

ट्रॅकपँट अजून बरोबर झाली नाही. बसायचं नाही, उभंच राहायचं, मग काही होत नाही.

शनिवार, १ मार्च
आम्ही दोघी पहिल्या रांगेत. दोघींच्या मांडीवर चटया. मी बसले, हळूच. मागे कोणीतरी विचारलं, यांचा डबल नंबर आहे का?

ठमूचं नाव पुकारलं. मी उठले. विहीणबाईही उठल्या. ठमू पडद्यामागून आली ती आजोबांचा हात धरून. मी समजत होते हे बाहेर गाडीत झोपलेत.

पांढरी चादर टांगली, मागून दिवा लावला. यांनी हाताची बोटं अशी काही जोडली की चादरीवर ससा उभा राहिला. कान हलवत होता! मग कुत्रा, मग कुत्रा सशाच्या मागे. ठमू भुंकत होती. एकदा सशाचा एक कान सरळच होईना तर ठमूने आपल्या बोटाने तो उभा केला, आणि सगळं सभागृह हसलं. चाळीस वर्षं घड्याळांचे स्क्रू उचललेली बोटं. मी ती रोज चहाच्या कपाभोवती बघते.

शेवटी शाळेच्या बाईंनी ठमूपुढे माईक धरला. आजोबांनाच का निवडलंस गं? ठमू म्हणाली, मला दोन आज्या आहेत. पण त्यांना वेळ नसतो. त्या खूप व्यायाम करतात.

लोक फार हसले. विहीणबाई जरा उशिरा हसल्या. मी टाळ्या वाजवल्या, चटई खाली पडली. गाडीने घरी आलो. विहीणबाईंनी माझा हात धरून मला सीटवरून उतरवलं, ट्रॅकपँटमुळे मला वाकता येत नव्हतं.

रविवार, २ मार्च
आज योगा नाही.

हे आणि ठमू उंट शिकत होते. मला यांचा हेवा वगैरे वाटत नाही, माझेच आहेत. तरी जाऊन विचारलं, तो ससा कसा करतात? म्हणाले, बोटं सैल सोड. मी म्हटलं, सैलच आहेत. म्हणाले, ही सैल नाहीत, ही भांडायला निघालेली आहेत.

दुपारी ठमूला बोलावलं आणि भिंतीवर करून दाखवला. तिने मान इकडे केली, तिकडे केली. म्हणाली, आजी, बटाटा का?

हो म्हटलं. बटाटाच.

मग विहीणबाईंनी केला. त्यांचा बूट झाला. बुटापेक्षा बटाटा केव्हाही बरा, निदान पोटात तरी जातो.