नागवेणीचे पाढे

॥ श्री बनशंकरी प्रसन्न ॥

गुळेदगुड्ड,
१८ जून १९८४

ती. दानक्कास,

इरव्वाचा सा. न. वि. वि. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तशी मी खुशाल नाही.

नागवेणी यंदा चौथीत गेली. शाळेत हुणशीमरद म्हणून नवे मास्तर आलेत. माणूस वाईट नाही, पण पाढ्यांचं भारी वेड. शाळा सुटायच्या आधी सगळ्या पोरांना उभं करून एका सुरात पाढे म्हणवून घेतात. पोरांना ते गाण्यासारखे कानातून पाठ होतात. आपल्या पोरीचे कान तर चौथ्या वर्षीच मेंदूज्वरात गेले. ती बिचारी बाकीच्यांचं बघून नुसते ओठ हलवते. परवा मास्तरांनी एकटीला विचारलं. बारापर्यंतचे आम्ही पुस्तकातून घोकून घेतलेत. तेरापासून पुढे सगळा गोंधळ. मास्तर म्हणाले, दसऱ्यापर्यंत पंचविसापर्यंतचे पाढे आले नाहीत तर परत तिसरीत बसवीन.

आमच्या यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, तिसरीत बसण्यापेक्षा घरी बसू दे, मागासाठी सुताच्या कांड्या भरेल. घरात मग्ग आहे, मग्गी कशाला? माग चालवायला पाढे लागत नाहीत. म्हणून आपल्याच कानडी कोटीवर हसले. मला हसू आलं नाही.

अक्का, एक सांगते. काल सतराचा पाढा घेताना ती तिसऱ्यांदा चुकली आणि मी तिला मारलं. ती रडली नाही, पाटी पुसून परत माझ्यापुढे धरली. तेव्हापासून मला भाकरी गोड लागत नाही. तू बत्तीस वर्षं शिकवलंस. अशी मुलगी कधी तुझ्या वर्गात होती का? तूच तिची दोड्डव्वा, थोरली मावशी, तूच काहीतरी सांग.

तुझी,
इरव्वा


धारवाड,
२७ जून १९८४

चि. इरव्वास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं.

होती. नरगुंदच्या शाळेत, यल्लव्वा नावाची. तिला ऐकू येत नाही हे मला कळलंच नाही. हट्टी आहे असं समजून मी तिला दोन आठवडे बाकावर उभी केली. तिसऱ्या आठवड्यात ती आली नाही, आणि मी चौकशीही केली नाही. खरं काय ते पुढे तिच्या शेजारणीकडून कळलं, तोवर ते लोक गाव सोडून गेले होते. हे आजवर मी कुणाला बोलले नाही. तेव्हा तुला रागवायचा अधिकार मला नाही. पण पुन्हा हात उचलू नकोस.

आता ऐक. महिनाभर तिच्याकडून एकही पाढा पाठ करून घेऊ नकोस. तिला दहाचा येतो, सातचा येतो. मग सतराचा आला नाही कसा? जोंधळ्याचे दाणे घे. दहा दाणे, थोडी जागा सोडून सात दाणे, अशा सहा ओळी मांड. एकीकडे साठ, दुसरीकडे बेचाळीस. मिळून एकशेदोन. हे तिच्या डोळ्यांनी दिसू दे. मोठा आकडा म्हणजे दोन ओळखीचे आकडे शेजारी बसलेत, एवढंच. आपण पोरांच्या कानात पाढे ओततो आणि त्यांना डोळे आहेत हे विसरतो.

तुझ्या यजमानांना, तिप्पण्णांना सांग, खणाचा ताणा लावताना एक पट्टा चुकला की कसे ओरडता? तो हिशेब कुठून आला?

पोरीच्या गालाला हात लावून माझा पापा दे.

तुझी अक्का,
दानम्मा


गुळेदगुड्ड,
१४ ऑगस्ट १९८४

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. आधी गंमत सांगते. जोंधळे मांडले तर कोंबड्यांनी सतरापैकी नऊ खाल्ले. मग मी मागाजवळच्या कांड्याच घेतल्या, दहा तांबड्या, सात हिरव्या. हे ओरडले, माझ्या कांड्यांचा खेळ मांडलात! ओरडले आणि तिथेच उभे राहून बघू लागले.

तेरा ते अठरा तिला आठ दिवसांत उमगले. एकोणीसला मी दहा आणि नऊ मांडत होते, तर तिने माझा हात बाजूला केला. वीस-वीस कांड्यांच्या आठ ओळी लावल्या, आणि प्रत्येक ओळीतली एक-एक उचलून ओच्यात घातली. पाटीवर लिहिलं, १६०, त्यातून ८ गेले, १५२. अक्का, हे मी शिकवलं नव्हतं. तुझ्याही पत्रात नव्हतं.

यांनी माग थांबवला. पाटीवर २३ आणि १४ लिहून दिले. तिने आधी वीस चौदा लिहिले, २८०. मग तीन चौदा, ४२. खाली ३२२. हे ताडून बघायला गेले, तर यांना स्वतःला विसाच्या पुढे येत नाही! बोटं मोजत बसले, मग हसले, आणि तिला उचलून मागाच्या बैठकीवर आपल्या जागी बसवलं. लग्नापासून ती जागा मी कुणाला दिलेली पाहिली नाही.

पण मास्तर ऐकत नाहीत. म्हणतात, पाढे तोंडानेच म्हटले पाहिजेत, सगळ्यांना एकच नियम. तिचे शब्द धड उमटत नाहीत, पोरं हसतात. आता काय करू?

तुझी,
इरव्वा


गुळेदगुड्ड,
२९ सप्टेंबर १९८४

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तू मास्तरांसाठी पाठवलेलं बंद पाकीट मी न उघडता दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा वाचलं. मला एवढंच विचारलं की ती नरगुंदची मुलगी पुढे सापडली का. नाही म्हटल्यावर पाकीट खिशात ठेवलं. ते आता परत मिळणार नाही, असं वाटतं.

काल परीक्षा झाली. पालकांनाही बोलावलं होतं. हे मागच्या भिंतीला टेकून उभे. सगळ्यांचं तोंडी झालं, मग मास्तरांनी नागवेणीच्या हातात खडू दिला आणि फळ्यावर स्वतः लिहिलं, २७ आणि १८. सत्तावीस तर कुणालाच लावलेला नव्हता. तिने सत्तावीस वीस लिहिले, ५४०. त्यातून दोन सत्तावीस काढले, ५४. खाली ४८६. मास्तरांनी कागदावर गुणाकार करून पाहिला, मग पोरांकडे वळून म्हणाले, हे कसं केलं ते तिच्याकडून शिकायचं आहे, मलासुद्धा.

घराच्या दारात पोचल्यावर हे म्हणाले, अक्कांना अमीनगडचा डिंक-सुक्या मेव्याचा करदंट पाठव, चांगला दोन शेर. सोबत पाठवत आहे. दात सांभाळून खा.

अक्का, तुझे उपकार मानते म्हटलं तर तू रागावशील. पण तुझ्या मनातलं इतक्या वर्षांचं दुःख तू माझ्या पोरीसाठी दोनदा कागदावर उतरवलंस, एकदा मला आणि एकदा परक्या माणसाला. हे मी विसरणार नाही. अशीच आमच्यावर माया असू दे.

तुझी,
इरव्वा


गुळेदगुड्ड,
२१ ऑक्टोबर १९८४

ती. दोड्डव्वास,

नागवेणीचा सा. न. हे पत्र मी एकटीने लिहिलं. अव्वाने फक्त पत्ता लिहिला.

मी सदतीसचा पाढा केला. कुणी सांगितलं नव्हतं. चाळीसमधून तीन काढत गेले.

रोज संध्याकाळी पोरं पाढे म्हणतात तेव्हा मास्तर मला फळ्याजवळ उभं करतात. मी एक ओळ लिहिते, मग सगळे ती म्हणतात. मला त्यांचं ऐकू येत नाही, म्हणून मी तोंडं बघते. माझा खडू थांबेपर्यंत कुणीच तोंड उघडत नाही.

तुझी,
नागवेणी