तिकीट यांच्याकडे आहे

३ जून
आज पर्यटकांच्या दोन बोटी. एक धक्क्याला, दुसरी जागा नाही म्हणून फ्योर्डच्या, आमच्या डोंगरांमधल्या खाडीच्या, मधोमध. गावात आम्ही मोजकी माणसं आणि डोंगरावर जाणाऱ्या आमच्या रेल्वेगाडीसाठी रांग पार चर्चच्या दारापर्यंत! दिवसभर तिकिटं तपासली. धबधब्यापाशी सगळ्यांना उतरवलं, भिजू दिलं, परत चढवलं. जीव घरात अडकलेला — आई एकटी, आणि हल्ली तिला काही लक्षात राहत नाही. शेगडीचा फ्यूज काढून आले होते.

५ जून
भावाचा, हालवरचा, बर्गनहून फोन. "सिग्ने, वृद्धाश्रमात आईसाठी जागा झालीय. लवकर कळवायचंय, नाहीतर जाईल दुसऱ्याला." म्हटलं, बघते. "दोन वर्षं बघतेच आहेस तू!"
आपटला फोन. स्वतः ईस्टरला येतो, केक आणतो आणि मला शहाणपण शिकवतो!

६ जून
कळवलं नाही. कशातच लक्ष नाही.

९ जून


गाडी सुटायच्या बेतात होती. शेजारच्या ओसहिल्डचा फोन — "दार सताड उघडं आहे गं, आई कुठेच नाही!" मी धावत टेर्येकडे, म्हणजे आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे. मला उतरू दे म्हटलं. "आधी डबे बघ," म्हणाला. "म्हातारी माणसं गर्दीच्या मागे जातात."

तिसऱ्या डब्यात, खिडकीशी, आई! ठेवणीतला निळा कोट. छातीवर बोटवाल्यांचा गोल स्टिकर — कुणी चिकटवला देव जाणे! समोरचं स्पॅनिश जोडपं तिला बिस्किटं देतंय.

"आई!" तिने वर पाहिलं. अगदी अदबीनं. "तिकीट यांच्याकडे आहे हो," म्हणाली.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

सगळे बघत होते. "बसा, बसा," एवढंच सुचलं मला. गाडी सुटली.

वाटभर तिचं नाक काचेला. आमचंच कुरण आलं, आमचंच लाल कोठार. तर विचारते कशी — "इथल्या लोकांना कंटाळा येत नाही का हो?"
"येतो कधी कधी."
"मग जात का नाहीत?"


धबधब्यापाशी उतरली, चिंब भिजली, टाळ्या वाजवल्या. इतकी खूश तिला मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. खाली येताना माझ्या खांद्यावर झोपली.

"काय गं, फुकट्या प्रवाशाला दंड नाही लावलास?" टेर्येने चिडवलं. हसले. आणि हसता हसता त्याच्यासमोरच रडायला लागले.

१० जून
हालवरला सांगून टाकलं — नाही. आई घरीच राहील. बोट आली की माझ्याबरोबर गाडीत. "वेड लागलंय तुला!" लागू दे.

१२ जून
नेलं. बोगद्यात किंचाळायला लागली. मी हात धरला तर मला ढकललं — "कोण तू? सोड!" एका बाईने मोबाइल काढून माझंच चित्रण केलं. मी म्हाताऱ्या बाईला त्रास देतेय असं वाटलं असेल तिला. देतच होते की काय?
घरी आणून कपडे बदलले तिचे. पावावर तपकिरी चीज लावून दिलं, खाल्लं नाही. 

१३ जून
सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई टेबलाशी बसलेली. केस विंचरलेले, पायाशी बॅग.
"सिग्ने," म्हणाली. नावाने!
"तुमचं फोनवरचं भांडण ऐकू येतं मला. हालवरला सांग, ती जागा अजून असेल तर घे म्हणावं."
"आई, नको ना. मी आहे ना इथे."
"आज मला कळतंय, बाळा. आज गेले तर माझी मी गेले. नंतर मला न्यावं लागेल."
हालवरला फोन केला.