ग्राहक उपलब्ध नाही

फरीदाबाद, सेक्टर १५
४ नोव्हेंबर २०२५

चि. उत्तरास अलकनंदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा टीव्ही शनिवारी आला. इतका मोठा आहे की बातम्या देणारी बाई माझ्याकडे राहायलाच आलीय असं वाटतं. पंचाहत्तरी महिनाअखेरीला असताना भेट आत्ताच पाठवलीस, म्हणजे आत्या तोवर टिकते की नाही अशी शंका आली की काय?

एकच अडचण आहे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाज वाढवून देणाऱ्या ज्या हेडफोनसाठी तू एवढा खटाटोप केलास, तो मुका आहे. बसवायला आलेल्या माणसाने कानाला लावून पाहिला, मान हलवली आणि दुसरा माणूस येईल असं माझ्या वहीत लिहून गेला. दोन वर्षं मी नाटकांची रेकॉर्डिंग नुसती बघतेय, ओठांवरून वाक्यं जुळवतेय. अजून चार दिवस तसंच बघेन. तू ऑफिस सोडून त्याच्यामागे लागू नकोस.

आमच्या जावयाच्या, चिन्मयच्या, पाठीचं कसं आहे? फोनवर मला ऐकू येत नाही आणि मोबाइलची बारीक अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा पत्रच लिही. दोघांवर माया आहेच.

तुझी
आत्या

नोएडा, सेक्टर ६२
११ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लागू नकोस म्हणालीस तरी मी लागले, आणि आता माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझी तक्रार मी तीनदा नोंदवली, त्यांनी ती तीनदा बंद केली. दर वेळी शेरा एकच: ग्राहक उपलब्ध नाही. खोदून विचारल्यावर कळलं की त्यांचा माणूस निघण्याआधी तुझ्या नंबरवर फोन करतो, आणि तू उचलला नाहीस की निघतच नाही.

मी सांगितलं, माझ्या आत्याला ऐकू येत नाही, म्हणूनच तर हेडफोन घेतलाय. सरळ घरी जा, बेल दाबा, बेलबरोबर दिवा लागतो. त्यावर ती बाई अगदी गोड आवाजात म्हणाली की मॅडम, सिस्टम में ऐसा ऑप्शन नहीं है. मग माझा नंबर घाला म्हटलं, तर त्यासाठी ग्राहकाने स्वतः फोन करून संमती द्यायला हवी. म्हणजे ऐकू न येणाऱ्या माणसाने फोनवर बोलून सांगायचं की मला फोन करू नका. सुपरवायझर मागितला तर वीस मिनिटं संगीत ऐकवून फोन कापला. शेवटी मी हिंदीत इतकी ओरडले की ऑफिसचा अख्खा मजला वळून बघायला लागला.

चिन्मयची पाठ बरी आहे. तो म्हणतो सोड ना यार, परत करून टाक. मी सोडणार नाही. तू मात्र जिवाला त्रास करून घेऊ नकोस, आणि माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी
उत्तरा

फरीदाबाद
१८ नोव्हेंबर २०२५

चि. उत्तरास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. त्या आठवड्यात मी दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. पहाटे आंघोळ उरकायची, भाजीला जायचं नाही, नजर दिव्यावर. आणि त्यांच्या कागदावर मी घरातच नव्हते. छत्तीस वर्षं सरकारी फायलींवर शेरे मीही लिहिले, पण जागेवरून न उठता कुणाला गैरहजर ठरवलं नाही.

काल मेट्रोने ओखल्याला त्यांच्या सर्व्हिस सेंटरवर गेले. तुला आधी कळवलं नाही, कारण तू अडवलं असतंस. मॅनेजर बराच वेळ हात हलवत बोलत राहिला. मी वही आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, मुझे सुनाई नहीं देता, जो कहना है लिख दीजिए. तोंड भराभर चालत होतं, पेन मात्र हातातच राहिलं. त्यांचा माणूस कोणत्या तारखेला माझ्या दारात आला ते नाव आणि सहीसकट लिहा, असं मी सांगितलं. त्याने ते लिहिलं नाही. दुपारी जेवायला उठला, मी उठले नाही. परत आला तेव्हा त्याने एकच ओळ लिहिली: मंगळवार, २५ तारीख, सकाळी अकरा, नवा हेडफोन. खाली मी त्याची सही घेतली.

गुडघे दुखताहेत, पण राग अजून उतरलेला नाही. तुझ्या धडपडीचं कौतुक आहे, हेही लिहायला हवं.

तुझी
आत्या

नोएडा
२० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यास शि. सा. न. वि. वि.

एकटी ओखल्याला गेलीस, हे वाचून मी आधी घाबरले आणि मग दोनदा वाचलं.

आता त्यांना माझा नंबर बरोबर सापडला; आज मला फोन आला, एकदम लाघवी. मंगळवारचा माणूस एक कागद आणेल म्हणे: सेवेबद्दल समाधान आहे, कसलीही तक्रार उरलेली नाही. त्यावर तुझी सही झाली तरच हेडफोन मिळेल. खरं सांगू? क्षणभर वाटलं, कर सही, वाढदिवसाला तरी तुला ऐकू येऊ दे. मग माझीच मला चीड आली. पण कान तुझे आहेत, तूच ठरव. काहीही ठरवलंस तरी मी तुझ्याच बाजूला.

तुझी
उत्तरा

फरीदाबाद
२६ नोव्हेंबर २०२५

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

माणूस काल अकराला आला. बेल दाबली, दिवा लागला, मी दार उघडलं. माणूस भला होता. नवा हेडफोन जोडून त्याने माझ्या कानांवर ठेवला. मी नाटक लावलं. रंगमंचावरचा म्हातारा बोलता बोलता पाणी पितो. त्याचा घोट मला ऐकू आला. ते नाटक मी पन्नासदा पाहिलंय, तो घोट मला ठाऊकच नव्हता. दहा मिनिटं ऐकलं. डोळे पुसले.

मग त्याने कागद पुढे केला. मी वाचला आणि सही करणार नाही म्हटलं. त्याने खाली मान घालून वहीत लिहिलं की मग मला हे परत न्यावं लागेल, माझी नोकरी आहे. मी हेडफोन काढून त्याच्या हातात दिला आणि त्याला चहा करून दिला.

तो गेल्यावर बराच वेळ टीव्ही बंद ठेवून बसले होते. आज ग्राहक आयोगासाठी अर्ज लिहून काढला. तारखा, तीन शेरे आणि मॅनेजरची सही, सगळं जोडलंय. हेडफोन मला हवाच आहे, पण खोट्यावर सही करून नको. रविवारी वाढदिवसाला ये, टाइप करून दे. सुनावणीची तारीख लागली की रजा काढ. शेजारी बसून त्यांचा वकील काय बोलतो ते मला लिहून दाखवायचं. तुझं अक्षर फार गिचमिड झालंय, तोवर ते सुधार. जीव लावतेसच, तसाच लाव.

तुझी
अलकनंदाआत्या