गाडी मी चालवत नव्हतो

मी, हिरामण राघो ठोंबरे, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी ड्रायव्हर, आता काही नाही, राहणार कडाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे येईल, पण डोके सरळ आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी दारू पाजलेली नाही, कोणी गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. छातीत दोनदा कळ येऊन गेली आणि तिसरीबद्दल डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझी मिळकत सगळी स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला एक घोंगडी आली होती, ती केव्हाच फाटली.

कलम १. कडाव येथील राहते घर, परसातील विहिरीसह, माझी पत्नी इंदूबाई हिला देत आहे. ती आहे तोवर घरातून तिला कोणी हलवू नये. पोस्टातील बचतीचे पुस्तकही तिचेच. इंदूबाईच्या पश्चात घर माझा मुलगा गजानन ऊर्फ गजा आणि मुलगी चंद्रा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. चंद्राला खालापूरला दिली आहे, तिला तिथे काही कमी नाही, पण तेवढ्यावरून तिचा हिस्सा डावलू नये.

कलम २. शेडमध्ये उभा असलेला टेंपो. हा मी एकोणीसशे अडुसष्ट साली घेतला. त्याआधी सोळा वर्षे मी दुसऱ्यांचे ट्रक बोरघाटातून चढवले-उतरवले. आधी क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो. त्या काळात माझ्या हातून कोंबडीसुद्धा मेली नाही, हे खोपोलीच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारावे. या टेंपोतून मी सकाळी दूध आणि नंतर गिरणीचा तांदूळ कर्जतला नेत असे.

हा टेंपो अख्खा विकू नये. त्याचा एकेक भाग सुटा करून भंगारात घालावा. तो कुणीही पुन्हा रस्त्यावर आणू नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ३. हे कलम मिळकतीचे नाही. वकील म्हणाले, "हे मृत्युपत्रात कशाला?" मी म्हटले, "दुसरा कागद कोणी वाचणार नाही. मिळकतीचा कागद सगळे वाचतात."

दिनांक ६ फेब्रुवारी १९७३, मंगळवार, सकाळी अकराच्या सुमारास कडाव ते कर्जत रस्त्यावर माझ्या टेंपोखाली हिरू जैतू उघडे ही अकरा वर्षांची मुलगी सापडून मेली. ती वरच्या ठाकूरवाडीची. त्या वेळी टेंपो मी चालवत होतो असे मी पोलिसांना सांगितले, कोर्टात कबूल केले आणि सहा महिने तुरुंगात राहिलो. ते खोटे होते. गाडी मी चालवत नव्हतो. माझा मुलगा गजा चालवत होता. त्याला पंधरावे वर्ष सरायचे होते.

त्याला मीच शिकवले होते. तेराव्या वर्षी मांडीवर बसवून चाक हातात दिले, चौदाव्या वर्षी एकटा बसवला. क्लचवर पाय पोचावा म्हणून पाठीमागे उशी लावायचो. चार माणसे जमली की मुद्दाम त्याला चालवायला द्यायचो आणि म्हणायचो, "पोराचा हात बघा कसा साफ हाय." लोक वाहवा करायचे. मला ते फार गोड वाटायचे.

त्या दिवशी मुंबईला कसोटी सामना चालू होता. ट्रान्झिस्टर आम्ही आरशाला सुतळीने बांधला होता. गजा चाकावर, मी त्याच्या डाव्या बाजूला, मागे तांदळाची पोती. रस्ता मोकळा होता. गजा जोरात हाकत होता आणि मी काही बोललो नाही. मध्येच कॉमेंटरी खरखरू लागली. तेव्हा मी म्हणालो, "अरं नीट लाव ना, ऐकू येत नाय."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. गजाला ते माहीत आहे. त्यानेही कधी कोणाला सांगितले नाही.

त्याने डावा हात वर नेला, नजर वर नेली आणि रेडिओची चक्री फिरवू लागला. टेंपो डावीकडे गेला. कडेने हिरू आणि तिचा बाप जैतू कर्जतला मोळ्या विकायला चालले होते. जैतू दहा पावले पुढे होता. हिरूच्या डोक्यावर मोळी होती. मोळी घेतलेल्या माणसाला मान वळवता येत नाही. तिला आम्ही दिसलोच नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. लाकडे रस्ताभर पसरली. आरशाला बांधलेला रेडिओ चालूच होता आणि त्यातून टाळ्या ऐकू येत होत्या. जैतू वळून धावत आला. आधी त्याने मुलीला उचलले आणि मग काचेतून आत पाहिले. गजा चाक धरून बसला होता, त्याची बोटे सुटत नव्हती. जैतूने त्याला पाहिले, चांगले पाहिले.

मी गजाला ओढून बाजूला बसवले आणि स्वतः चाकावर बसलो. जैतू मुलीला घेऊन मागे पोत्यांवर बसला. कर्जत यायच्या आत ती गेली. तो मागून काही ओरडला नाही, म्हणून मला कळले नाही. दवाखान्याशी लोक जमले तेव्हा त्यांना चाकावर मी दिसलो.

तिथे माझे मेहुणे कोंडाजी भेटले. ते माझ्या कानाशी म्हणाले, "पोराचं आयुष्य जाईल. तूच होतास म्हण." मी म्हटले. जैतू शिपायाला सांगत होता, "पोरगा चालवत व्हता सायब, मी बघितला." मी शिपायाला म्हणालो, "दुःखानं बोलतोय तो. त्याचं डोकं ठिकानावर नाय."

गुन्हा मी कबूल केल्यामुळे पुढे जैतूला कोणी विचारलेच नाही. त्याचा जबाब झाला नाही, त्याचा अंगठा कुठल्याच कागदावर घेतला गेला नाही. मी सुटून आलो तेव्हा गावात माझी इज्जत वाढली होती. "हिरामण ड्रायव्हरनं लपवलं नाय," असे लोक म्हणत. आणि जैतूला म्हणत, "ड्रायव्हर कबूल झाला तरी याचं समाधान नाय, आता कवळ्या पोराच्या मागं लागलाय." बरीच घरे त्याची मोळी घेईनाशी झाली. त्यांत माझे घरही होते, कारण मला त्याच्याकडे बघवत नव्हते.

कलम ४. मेहुणे कोंडाजी यांच्याशी मी तेरा वर्षे नीट बोललो नाही. त्यांच्यावरचा राग सोडत आहे, असे इथे लिहायचे ठरवले होते. लिहवत नाही. त्यांनी सुचवले, केले मी, हे मला समजते. तरी माझ्या तिरडीला त्यांनी खांदा देऊ नये.

कलम ५. गजाविषयी. माझा परवाना रद्द झाला होता. घर चालायला हवे, म्हणून तुरुंगातून आल्यावर मीच त्याला पुन्हा टेंपोवर बसवले. तो म्हणाला, "बाबा, मला नाय जमायचं." मी म्हणालो, "मंग काय, उपाशी बसायचं?" आणि बसवलाच. तेव्हाही त्याच्याकडे परवाना नव्हता. त्या जागेशी आला की तो गाडी सुसाट सोडायचा. मी शेजारी बसून समोर बघत राहायचो. मोठा झाला, ट्रकवर गेला, खोपोलीला राहू लागला. वेग काही उतरला नाही. हिरूचे नाव आमच्या घरात कधी कोणी काढले नाही. मी तुरुंगात गेलो म्हणजे त्याला वाचवले, असे मी समजत होतो.

यंदा भाऊबीजेला चंद्राचा मुलगा कान्हा गजाची मोटारसायकल घेऊन खालापूरहून आला. वय सोळा. मागे दोन मित्र बसलेले. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात वडा, आणि तोंड मागे वळवून गप्पा. अंगणात लहान मुले खेळत होती, त्यांच्यातून त्याने गाडी तशीच आत घातली. इंदूबाईने एकीला दंडाला धरून ओढले म्हणून बरे. गजा ओट्यावर बसून हसत होता.

मी म्हणालो, "गजा, चावी काढून घे त्याची."

"राहू दे ना बाबा. हात बघा पोराचा, कसा साफ हाय."

मी म्हणालो, "तुला हिरू आठवते का रं?"

तो उठला आणि म्हणाला, "तवा तुमी कुठं काय बोललात? तुमी बोलला असतात तर आज मी बोललो असतो." आणि न जेवता निघून गेला. मोटारसायकल कान्हाच घेऊन गेला.

गजा, तू म्हणालास ते बरोबर आहे. म्हणून आता बोलत आहे. वकील म्हणाले की इतक्या वर्षांनी सरकार हे प्रकरण उकरणार नाही. उकरण्यासारखे असते तर मी हे लिहिले असते का, ते मला माहीत नाही. घरातला तुझा हिस्सा मी कमी केलेला नाही. तुझ्यावर राग नाही. रेडिओ लाव असे मी म्हणालो होतो, आणि त्या चाकावर तुला मीच बसवले होते, हे कान्हाला तू तुझ्या तोंडाने सांग.

कलम ६. माझी हत्यारांची पेटी, पाने, जॅक, हातोडे, ग्रीसगन यांसह, नातू कान्हा यास देत आहे. त्याचा हात खरेच चांगला आहे, यंत्र त्याला कळते. पण पेटी त्याला अठरा पुरी झाल्यावर आणि परवाना रीतसर निघाल्यावरच द्यावी. तोवर ती इंदूबाईकडे कुलपात राहील.

पेटी घेण्याआधी कान्हाने एक काम करावे. वकील म्हणतात, अशी अट कोर्टात टिकणार नाही. मग ही आजोबाची विनंती समजावी. कान्हा, डोक्यावर मोळी घेऊन तू एकदा कडावहून कर्जतला चालत जा. डांबराच्या कडेने, सकाळी अकराला. मान वळवू नको. मागून गाडीचा आवाज येतो आणि जवळ जवळ येतो, तेव्हा चालणाऱ्याच्या हातात काही नसते. चालवणारा पुढे बघतोय एवढ्याच भरवशावर तो चालतो. मी हे गेल्या महिन्यात केले. अर्ध्या वाटेत तीन वेळा गटारात उतरलो. पुढे छातीमुळे जमले नाही.

कलम ७. रस्त्याकडेची सहा गुंठे जमीन. हिरू पडली ती जागा या जमिनीच्या अगदी समोर येते.

भाऊबीजेच्या चौथ्या दिवशी मी वर ठाकूरवाडीला गेलो. जैतू दारात दोर वळत बसला होता. मी उभ्यानेच सांगितले की पोरगाच चालवत होता, तू खरे बोलला होतास. रेडिओचे वाक्यही सांगितले. त्याने दोर खाली ठेवला.

"तुला तेरा वरसं लागली, डायवर," तो म्हणाला. एरवी तो मला अहोजाहो करी. त्या दिवशी 'तू' म्हणाला.

मग तो म्हणाला, "माजी बायको बायजा मरंस्तवर इचारीत व्हती, तुमाला नक्की पोरगाच दिसला ना? समदा गाव नाय म्हनतो, मंग मी बी इचार करायचा, दिसला का नाय दिसला. रातचा डोळं मिटून बघायचा. पोरीचं तोंड दिसायचं नाय, तुज्या पोराचंच दिसायचं."

माफी मागायला मी वाकलो तर त्याने पाय मागे घेतले. माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि मी तसे इथे लिहीत नाही.

मी म्हणालो, "सगळं कागदावर लिहितो. रस्त्याकडची जमीन तुझ्या नावानं करतो."

त्याने विचारले, "कागदाला साक्षीदार लागतो ना?"

"दोन लागतात."

"मंग मी व्हतो एक."

मी त्याला समजावले की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये, पुढे भानगड होते, असे वकील सांगतात. दोन्हींपैकी एकच होईल.

"जमीन नको," तो म्हणाला. क्षणभरही थांबला नाही. "तवा माजा अंगठा कोनी घेतला नाय. तो आता घे."

म्हणून ती सहा गुंठे जमीन मी हिरूचा धाकटा भाऊ नागू जैतू उघडे यास देत आहे. जैतूने याला हो म्हटलेले नाही, नाही म्हटलेले नाही.

कलम ८. माझ्या दहाव्याच्या दिवशी हे मृत्युपत्र गावच्या देवळासमोर मोठ्याने वाचावे. शेजारचे महादू मास्तर वाचतील, त्यांनी कबूल केले आहे. तिसरे कलम गाळू नये. गजा आणि कान्हा दोघांनी पुढे बसावे. गावातली जी पोरे गाड्या घेऊन फिरतात त्यांनाही बोलवावे. जैतूला यायचे असेल तर त्याला खुर्ची द्यावी. यायचे नसेल तर आग्रह करू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले. खोडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

ठिकाण: कडाव, तालुका कर्जत
दिनांक: १४ डिसेंबर १९८६, रविवार

सही: हिरामण राघो ठोंबरे

आमच्या समोर सही झाली. साक्षीदार:

१. महादू धर्मा मसणे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, कडाव. (सही)

२. जैतू कमळू उघडे, ठाकूरवाडी, मोलमजुरी. डाव्या हाताचा अंगठा. तिसरे कलम त्यास दोनदा वाचून दाखवले. पहिला ठसा पुसट उठला. चालेल, असे मी म्हणालो. जैतू म्हणाला, "नाय मास्तर, नीट घ्या." म्हणून अंगठ्याला पुन्हा शाई लावून शेजारी दुसरा ठसा घेतला आहे. दोन्ही त्याचेच. (म. ध. मसणे)