पुकावासीचा खरा जाणकार

२ जुलै
यानेतचा कुस्को शहरातून फोन. पोरगी गाइडची परीक्षा पास झाली. माझ्यावरच गेली आहे. वीस तारखेला तिचा पहिला ग्रुप आपल्या गावात आणते आहे. आधी कड्यावरून कॉन्डोर गिधाडं, मग वर पुकावासीचे जुने अवशेष. पाहुणे खूश झाले तर कंपनी दर महिन्याला ग्रुप पाठवणार. म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही घरीच आराम करा." किती काळजी! अर्थात मी जाणारच. पुकावासीतलं माझ्याइतकं कळतं कुणाला?
संकल्प: रोज वीस इंग्रजी शब्द. रोज कड्यापर्यंत चढ. चिचा, म्हणजे मक्याची दारू, बंद.

४ जुलै
शब्द चार. त्यातले दोन आधीच येत होते. गुडघा ठणकतोय, चढ उद्यापासून. चिचा बंद म्हणजे घरातली. खेचरवाल्या निकानोरने पुढे केलेला पेला नाकारणं बरं दिसत नाही.

९ जुलै
एउलालियाला पाहुण्यांसाठीचं भाषण म्हणून दाखवलं. वाटेतला दगडी हौद म्हणजे सूर्यदेवाच्या पुजारिणींचं स्नानगृह. ती बटाटे सोलत म्हणाली, "अहो, तो मेंढ्या धुवायला तुम्ही आणि निकानोरनेच बांधलात. यानेत पोटात होती तेव्हा." बायकोला इतिहासाची दृष्टी नाही.

१५ जुलै
रंगीत तालीम. पहिल्या वळणापर्यंत. दम लागला. विरळ हवेची सवय हळूहळूच करावी. (जन्म इथलाच, पण तरी.)

२० जुलै, सकाळ
अंगात नवा लोकरी पोंचो. बारा पाहुणे. मला पाहून यानेत पाहुणे पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. भारावली बिचारी.

२० जुलै, संध्याकाळ
अंथरुणात. स्नानगृहाचं भाषण फार रंगलं. एका बाईने हौदातलं पाणी डोळ्यांना लावलं. तेवढ्यात खेचर हाकणारा निकानोर हसत सुटला आणि मेंढ्यांचं सगळं सांगून बसला. जळतो माझ्यावर. यानेतने ते भाषांतर करून सांगितलं. का, कळलं नाही. मी तरातरा पुढे निघालो. दुसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली. ग्रुपमधल्या डॉक्टरने मला खाली न्यायला लावलं. खेचरावरचं जेवण उतरवून मला चढवलं. जेवण कुत्र्यांनी संपवलं. उपाशीपोटी पाहुणे माझ्यामागोमाग खाली आले. ना गिधाडं, ना पुकावासी.
पण माझी आठवण जन्मभर काढतील.

२३ जुलै
कंपनीने ग्रुप पलीकडच्या गावाला दिले. त्यांचं नशीब. निकानोर सांगत होता, मी बेशुद्ध असताना पाहुण्यांनी यानेतला विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण? ती म्हणाली, "कोणी नाही. असतात असे गावात एकेक." निकानोरला इंग्रजी कुठे कळतं? म्हणे, विचारणं-सांगणं आपल्या स्पॅनिशमध्येच झालं.
कामात नाती मध्ये आणायची नाहीत. ही शिस्त तिला माझ्याकडूनच मिळाली.

२८ जुलै
आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन. यानेत दरवर्षी घरी येते. एउलालियाने तिच्यासाठी सणाचा गिनीपिग भाजला होता. पोरीचा फोन आला, काम आहे, येत नाही. मायलेकी बराच वेळ बोलल्या. मी हात पुढे केला. एउलालिया म्हणाली, "कट झाला." मग पाठ फिरवून ओसरीवर गेली आणि आणखी दहा मिनिटं बोलत राहिली.
आपल्याकडे रेंजचा फार प्रॉब्लेम आहे.