पोटाचं कारण

२१ जुलै

वहिनीने आज दादाची ड्युटीची बॅग माझ्याकडे दिली. म्हणाली, "भाऊजी, ओळखपत्र परत मागताहेत. तुम्हीच नेऊन द्या. मला त्या गेटवर जायचं नाही."

बॅगेत टॉर्च, इस्त्रीचा जादा शर्ट, खोकल्याच्या गोळ्या. आणि कंपनीच्या सूचनाफलकावरचा कागद, तिने घडी घालून ठेवलेला. "ड्युटी संपवून घरी परतताना वैयक्तिक निष्काळजीपणामुळे झालेल्या अपघातात आपले ज्येष्ठ कॅप्टन..." निष्काळजीपणा या शब्दाखाली तिने पेनाने रेघ ओढली आहे.  

दादा गॅस बंद आहे ना ते दोनदा बघायचा. तीन जूनला त्याची सलग सहावी पहाटेची ड्युटी होती. विमान नीट उतरवलं, कागदपत्रं दिली आणि घरी येताना सरळ रस्त्यावर गाडी दुभाजकावर गेली. ब्रेक लावल्याची खूणसुद्धा नव्हती.

२४ जुलै

ओळखपत्र दिलं. रोस्टरच्या खोलीत, जिथून आम्हा वैमानिकांच्या ड्युट्या लागतात. तिथल्या मुलीचा आवाज आम्ही सगळे रोज पहाटे ऐकतो, चेहरा फार कमी जणांना माहीत. मला बघून ती उभी राहिली. "सर, दादांचं..." एवढं म्हणाली आणि थांबली. मागे ऑपरेशन्सचे साहेब येऊन उभे होते. "इथे सही करा," ती म्हणाली आणि बसली.

काय सांगायचं होतं तिला? सहानुभूतीच असणार. तरी दिवसभर ते अर्धं वाक्य डोक्यातून जात नाही.

२८ जुलै

युनियनची बैठक. दवाखान्याच्या वरची खोली, तीस खुर्च्या, माणसं सत्तर. आमच्या सेक्रेटरींना सगळे मास्तर म्हणतात, कारण कोणाच्याही अर्जातलं शुद्धलेखन दुरुस्त केल्याशिवाय ते पुढे पाठवत नाहीत. ते विमान उडवतात हे बाहेरच्या कोणाला खरं वाटत नाही.

मास्तर म्हणाले, "गेल्या वर्षी आपल्या तीनशे वैमानिकांपैकी थकले किती? दोन. आणि पोट बिघडल्याचे फोन किती? चारशे अकरा."

मागून कोणीतरी म्हणालं, "कॅन्टीन बंद करा आधी." सगळे हसले. मास्तरही.

हसण्यासारखंच आहे ते. पोट म्हटलं की कोणी विचारत नाही, रजा मांडतात आणि विषय संपतो. 'थकलोय' म्हटलं की फोन थेट साहेबांकडे जोडतात. मग अर्ज, मग तीन वेळा केबिनमध्ये बोलावणं — घरी काही अडचण आहे का, झोपेचा त्रास आहे का, ही नोकरी झेपते ना. म्हणून आमच्याकडे कोणी थकत नाही. फक्त पोटं बिघडतात. आणि कंपनी कागद दाखवून म्हणते, बघा, आमचे वैमानिक ताजेतवाने आहेत.

मास्तरांनी रोस्टरला आलेल्या तीन जूनच्या फोनची रेकॉर्डिंग मागितली होती. कंपनीचं उत्तर आलंय — त्या दिवशी कॅप्टनकडून कुठलीही तक्रार आलेली नाही.

जिना उतरताना मास्तरांनी हळूच विचारलं, "त्या पहाटे त्याने तुला फोन केला होता का रे?"

"नाही," मी म्हणालो.

३१ जुलै

केला होता. इथे तरी लिहितो.

तीन चाळीसला. "आज जमेलसं वाटत नाही रे. डोळे उघडे राहत नाहीत. काय सांगू त्यांना?"

"पोट सांग."

"महिन्यात दोनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा डॉक्टरचा कागद मागतात. खरं तेच सांगतो ना, थकलोय म्हणून."

"दादा, तो शब्द नको. माझी कॅप्टनच्या बढतीची यादी लागायचीय. आडनाव एकच आहे आपलं."

 मग म्हणाला, "बरं. झोप तू."

मी झोपलो.

२ ऑगस्ट

फोन वाजला की आधी घड्याळ बघतो. आज दूधवाल्याचा होता.

६ ऑगस्ट

साहेबांनी बोलावलं. दार स्वतः उघडलं, चहा मागवला. "तुझा दादा मला भावासारखा होता." मग म्हणाले, "युनियनवाल्यांना एक चेहरा हवाय. तुझ्या दादाचा फोटो फलकावर लावून ते गेटवर बसतील. तुझ्या वहिनीला चालेल ते?"

 मला पटकन बोलता येत नाही, तसा मी लहानपणापासूनच. दादा माझ्या वतीने बोलायचा.

कागद तयारच होता. चार ओळी. 'माझ्या दिवंगत बंधूंनी अपघातापूर्वी माझ्याजवळ थकव्याची कोणतीही तक्रार केली नव्हती.'

"घाई नाही," साहेब म्हणाले. "यादीवर शेवटची नजर फिरवायची राहिलीय माझी. तीही बसून सावकाश करू." आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्यासमोर ठेवलं.

७ ऑगस्ट

सही केली. काल. कोणाला सांगितलेलं नाही.

१४ ऑगस्ट

यादी लागली. वरून चौथा मी.

वहिनीचा फोन. "तुमच्या दादांना किती आनंद झाला असता." मागे दादाची छोटी विचारत होती, काकाला आता टोपीवर जास्त सोनेरी पट्टी मिळणार का? मी बरं बरं म्हणत राहिलो. 

१९ ऑगस्ट

मास्तर घरी आले. चपला काढल्या, बसले, पाणी मागितलं. खिशातून कागद काढला — कंपनीने युनियनला पाठवलेलं उत्तर, सोबत माझं निवेदन. 'सख्ख्या भावाचा लेखी खुलासा.'

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी चष्मा लावून ते पुन्हा वाचलं.

"यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. म्हणजे तू लिहिलेलं नाही. त्यांनीच टाईप केलंय."

"मी सही केली, मास्तर."

"ते दिसतंय." पाणी प्यायले. "फोन केला होता ना त्याने?"

मी हो म्हणून मान हलवली. फक्त हलवली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. उठताना म्हणाले, "वहिनीला मी सांगणार नाही. ते तुझं काम. आणि एक लक्षात ठेव — फोनची रेकॉर्डिंग नव्वद दिवस ठेवतात. एक सप्टेंबरला नव्वदावा दिवस. त्यानंतर सगळं पुसलं जाईल. तुझी सही तेवढी राहील."

२० ऑगस्ट

पहाटेची ड्युटी.

२१ ऑगस्ट

पहाटेची.

२३ ऑगस्ट

चौथी पहाट. उतरताना उंची मोठ्याने सांगायचं काम माझं, उजव्या सीटवरच्याचं. हजार फूट सांगितल्याचं आठवतं. पाचशे फूट कॅप्टननेच सांगितलं, माझ्या नावाने हाक मारून. मधलं मला काहीच आठवत नाही. डोळे उघडेच होते म्हणे माझे.

मागे एकशे ऐंशी माणसं. उतरताना एका बाईने जाताजाता 'छान उतरवलंत हो' म्हटलं.

कॅप्टन पार्किंगमध्ये म्हणाले, "उद्या जमत नसेल तर पोट आहेच की." डोळा मारला आणि गेले. चांगला माणूस आहे. मला दोन मिनिटं गाडीची किल्ली लावता आली नाही.  शेवटी रिक्षाने आलो.

दादालाही असंच झालं असेल. डोळे उघडे असतील त्याचे.

२५ ऑगस्ट

वहिनीला सांगितलं. फोनचं, सहीचं, दोन्ही. ती छोटीच्या गणवेशाचं बटण शिवत होती. सुई थांबली नाही.

दोरा तोडून म्हणाली, "मला वाटायचं ते तुमच्याशी बोलले नसतील. तुमची झोपमोड करायला त्यांना आवडायचं नाही."

मग म्हणाली, "त्या दिवशी आधी तर ते बूट काढून परत आडवे झाले होते. मी म्हटलं, बरं झालं, सुटलात. मग पुन्हा फोनवर बोलले, उठले, बूट घातले. जाताना म्हणाले, धाकट्याचं एकदा होऊन जाऊ दे, मग पंधरा दिवस झोपून काढतो. मला कळलंच नाही कशाबद्दल."

मला कळलं. माझ्यामुळे गेला तो.

जेवून जा म्हणाली. जेवलो. तिने ताटात वाढलं, नेहमीसारखं, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

२७ ऑगस्ट

उद्या पुन्हा पहाटेची. मास्तरांना कळवलंय की उद्या मी काय सांगणार आहे. ते म्हणाले, "नीट विचार कर. यादीतून नाव काढायला त्यांना एक रेघ पुरते." मग म्हणाले, "शब्द स्पष्ट उच्चार."

पाठ करतोय. एकच शब्द आहे. आरशासमोरसुद्धा अर्धाच निघतो.

२८ ऑगस्ट

पहाटे चारला फोन लावला. आधी ती नेहमीची सूचना, हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. मग रोस्टरवाली. "पोट का, सर?"

"नाही. थकलोय."

नियमाने तिने फोन साहेबांकडे जोडायला हवा होता. जोडला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता.

"दादांनीसुद्धा हेच सांगितलं होतं, सर. तीन जूनला, चार वाजून दोन मिनिटांनी. मी लिहूनही घेतलं. मग साहेबांकडे जोडून दिला, पण मी लाइनवरच होते. साहेबांनी एवढंच विचारलं — धाकट्याचं नाव आहे ना यादीत, या वेळी? दादा म्हणाले, येतो." थांबली. "मी आत्ता बोलले तेही रेकॉर्ड झालंय. चार दिवस उरलेत. दोन्ही रेकॉर्डिंग मागा."