लांबडीची खाच

रविवार, ७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तुझी आठवण काढतो. म्हणजे जिना चढताना आई तुझं नाव घेते आणि बोलणी मला बसतात. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या रियाजाबद्दल पुन्हा तक्रार केली. त्यांच्या कुत्र्याची मात्र काही हरकत नाही.

फोन न करता पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू हसून वेळ मारून नेतेस, म्हणून.

तर क्लॅरिनेट. तुमच्या वाद्यवृंदातल्या जागेसाठी ऑडिशनला लांबडी लागणार आणि "माझी मागायची नाही, स्वतःची घे" असं तू बजावलेलं. योगायोग बघ, दुरुस्तीवाल्या काकांचाच फोन आला, की एक जुनी विकायला आलीय, बघून जा. काल गेले. लांबडी म्हटलं की ते अजून हसतात. "'ए' सुराची क्लॅरिनेट म्हण की नीट!" मी म्हटलं, रोजच्या बी-फ्लॅटपेक्षा दोन बोटं लांब आणि अर्धा सूर खाली, मग लांबडीच ती.

तू शिकवलंस तसंच सगळं तपासलं. सांधे हलवून पाहिले, घट्ट होते. विजेरी मारून लाकडात कुठे चीर आहे का पाहिलं. भोकं झाकणाऱ्या पॅडखाली पातळ कागद धरून ओढला, प्रत्येक पॅडने तो पकडून ठेवला. माउथपीस नवा, पेटी नवी, चाव्यांना नवी झिलई. मी मनात म्हटलं, लॉटरी लागली.

एकच गोष्ट विचित्र होती. उजव्या अनामिकेचं भोक आपण बोटाने झाकतो, तिथे एक चकती बसवलेली. चकती दाबली की भोक बंद.

"काका, मालक फारच आळशी दिसतोय," मी म्हटलं.

काका फडक्याने टेबल पुसत राहिले. "बोटाला जाणवेनासं झालं होतं त्यांच्या. भोक झाकलंय की नाही, कळायचंच नाही. म्हणून मी ही करून दिली. वर्षभर चाललं कसंबसं. मग शेजारचं बोटही गेलं."

मी "अरेरे" म्हटलं आणि लगेच, माझी अक्कल बघ, या चकतीपायी किंमत कमी होईल का, असं विचारलं. ताई, ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. आता परत घेता येत नाही.

मग वाजवायला घेतली. डोळे मिटले, लांब सूर धरला, आणि उजव्या अंगठ्याला, वाद्य पेलायच्या टेकूच्या शेजारी, एक खाच लागली.

तू शाळेत असताना अंधाऱ्या स्टेजवर लांबडीऐवजी दुसरी उचललीस आणि सगळी सुरुवात अर्धा सूर चढी वाजवलीस, ते आठवतं? घरी आल्यावर कंपासच्या टोकाने लांबडीला खाच पाडलीस, अंधारातही अंगठ्याला कळावं म्हणून. महागड्या लाकडाचं वाटोळं केलं म्हणून तुझे क्लॅरिनेटचे मास्तर किती भडकले होते! त्या खाचेत नख घालून बसायची माझी सवय. जगात अशी खाच एकच आहे.

सूर फाटला. काका म्हणाले, "रीड बदलून देऊ का?"

"ही कुणाची?"

"नाव सांगायचं नाही असं त्या म्हणाल्यात."

त्या. तोवर सगळं "त्यांच्या"वर निभावलं होतं. काकांनी जीभ चावली आणि पुन्हा टेबल पुसायला लागले.

तरी मी स्वतःची समजूत घालत होते, की तू दुसरी घेतली असशील. तेवढ्यात शेल्फवर टकलूकाकांची पेटी दिसली. तूच लिहिलंस ना, की तुझ्या शेजारचे टकलूकाका निवृत्त होताहेत, त्यांची जागा रिकामी होईल, मग आपण दोघी शेजारीशेजारी बसू? मी दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं, ते कधी निवृत्त होताहेत?

"तो कसला निवृत्त होतोय! नव्या मोसमासाठी पॅड बदलायला दिलीय त्याने."

ताई, तुमच्याकडे क्लॅरिनेटच्या खुर्च्या दोनच आहेत.

मी दुकानाच्या पायरीवर किती वेळ बसले, मला माहीत नाही. वर्षभर "तालमी जोरात चालल्यात" म्हणत होतीस. स्वतःची खुर्ची दुसऱ्याची म्हणून मला देत होतीस, आणि वर तुझीच लांबडी गुपचूप माझ्या गळ्यात मारत होतीस. मला तुझा भयंकर राग आलाय. आईला अजून काही सांगितलेलं नाही, कारण तोंड उघडलं की रडू येतं.

लांबडी मी घेतली नाही. काकांच्या कपाटात आहे, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं सांगून आलेय. मला ती दुकानातून नको. तू इथे ये आणि जो हात चालेल त्या हाताने माझ्या हातात दे. तरच मी ऑडिशनला उभी राहीन. नाहीतर ती खुर्ची कुणालाही जाऊ दे, मला नको.

आणि एवढं खरं सांग. माउथपीस बदललास, पेटी बदललीस, झिलई दिलीस. मग खाच का बुजवली नाहीस? विसरलीस, की मला कळावं म्हणून राहू दिलीस?

तुझ्या शेजारी बसता यावं, एवढ्यासाठीच वाजवायला शिकलेली,
तुझी पिपाणी